‘कोरडा घाट’ची सहा रिळं

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर चौतीस वर्षं काढून सहादू बोरस्ते निवृत्त झाला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ त्यानं आठवड्याच्या आत मेहुण्याच्या गळ्यात मारलं, कारण त्याची टिकटिक ऐकताना आडवी यायची. ऐकायचं काय, तर संगीतकार अच्युत निरगुडे. आणि तेही सगळे निरगुडे नव्हेत.

निरगुड्यांची पहिल्या पंचवीस वर्षांतली गाणी लोकांना तोंडपाठ होती. ती हळदीला वाजायची, गणपतीत वाजायची, सहलीच्या बसमध्ये शाळेच्या बाई पोरांकडून म्हणून घ्यायच्या. सहादूच्या लेखी तो सगळा बाजार. त्याचा जीव अडकला होता निरगुड्यांच्या शेवटच्या पाच चित्रपटांत. पाचही आपटले. तोवर मोठे वादक म्हाताऱ्याला सोडून गेले होते, डावा हात लुळा पडला होता आणि निर्माते दारात उभे राहत नव्हते. चार-पाच वाद्यं हाताशी धरून त्यानं शेवटी जे करून ठेवलं ते महाराष्ट्रानं ऐकलंच नाही, असं सहादूचं ठाम मत होतं, आणि ते ऐकवल्याशिवाय तो वाण्यालाही सोडायचा नाही.

याची सुरुवात मात्र झोपेतून झाली. अठ्ठ्याऐंशी साली रात्रपाळी करून तो नाशिकरोडच्या एका थेटरात दुपारच्या खेळाला जाऊन बसला होता. चित्रपटाशी देणंघेणं नव्हतं, पंख्याखाली डोळा लागावा एवढाच हेतू. आत सात माणसं होती. ‘कोरडा घाट’ सुरू झाला आणि सहादू घोरायला लागला. मध्येच कशानं तरी जाग आली. पडद्यावर एक बाई रिकामी घागर घेऊन कोरड्या पडलेल्या घाटाच्या पायऱ्या उतरत होती आणि मागे सारंगी वाजत होती. बाई काही बोलत नव्हती. तिच्या डोक्यात सासूचा आवाज घुमत होता, शेळ्या ओरडत होत्या, वारा सुटला होता, आणि या सगळ्या गलक्याच्या तळाशी ती सारंगी. साडेतीन-चार मिनिटं. सहादू त्या दिवशी झोपलाच नाही. दुसऱ्या दिवशी परत गेला, तर चित्रपट उतरला होता.

‘कोरडा घाट’ची तबकडी निघाली ती चार गाण्यांची. पुढे एकानं दूरदर्शनवरून उतरवून घेतलेली व्हिडिओ कॅसेट मिळाली, त्यात सारंगी शेजारच्या घरात वाजतेय असं वाटायचं. ती एकदा नुसती ऐकायची, वर सासू नको, शेळ्या नकोत, एवढीच सहादूची इच्छा. माणसं काशीला जायचं म्हणतात, तसं हे त्याचं होतं. पस्तीस वर्षं.

नंतर व्हॉट्सअॅप आलं आणि आपण एकटेच खुळे नाही हे त्याला कळलं. ‘निरगुडे उत्तरार्ध’ नावाचा ग्रुप होता. त्रेचाळीस माणसं. त्यात कोल्हापूरचे दंतवैद्य, इंदूरचे निवृत्त पोस्टमास्तर, अमेरिकेतले एक गृहस्थ. मागणी सगळ्यांची एकच, की पाचही चित्रपटांच्या विस्तारित आवृत्त्या निघाव्यात. सगळं पार्श्वसंगीत, न वापरलेले तुकडे, गाणी मूळ लांबीत. एका गाण्यातले दुसऱ्या अंतऱ्याआधीचे तेरा सेकंद कापलेत की सोळा, यावरून दोन सज्जनांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. सहादूच्या बायकोला, लंकाबाईला, हा सगळा प्रकार समजत नसे.

“चार गाणी हायेत ना? मंग चार ऐका की,” ती नवऱ्याला म्हणायची. “अख्खं कशाला पायजे?”

“पाहुण्याला तू अर्धी भाकर वाढशील का?”

“पाहुणा अर्धीच खातो म्हणला तर वाढीन.”

ग्रुपवाल्यांनी मुंबईच्या योगेश नावाच्या एका माणसाला गाठलं होतं. त्याची छोटीशी कंपनी जुन्या मराठी चित्रपटांचं संगीत पाचशे-पाचशे प्रतींत पुन्हा काढायची. योगेश सरळ बोलायचा. मूळ रिळं आणा, मी काढतो. रिळं नसतील तर आशा सोडा.

रिळं सापडली ती लियाकतमुळे. देवळाली गावात लियाकतचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीला आता कुणी येत नव्हतं, पण दुकान चालू होतं आणि सहादू तिथं रोज चार तास बसायचा. चाळीस वर्षांची दोस्ती. लियाकतच्या नात्यात एक सकीनाआपा होत्या, जुन्या नाशकात, नदीपासून दोन गल्ल्या वर. त्यांचे वडील गुलाबभाई सारंगी वाजवायचे आणि शेवटची दहा वर्षं निरगुड्यांसोबत होते. लियाकतनं एका लग्नात सहज विषय काढला आणि आपा म्हणाल्या, “अब्बांची एक पेटी आहे बघ. आत टेपची गोल-गोल चाकं आहेत.”

सहादू दुसऱ्याच दिवशी लियाकतला घेऊन हजर. पत्र्याच्या पेटीत सहा रिळं होती. वर गुलाबभाईंच्या उर्दू अक्षरात आकडे आणि खाली कुणीतरी मराठीत लिहिलेलं: कोरडा घाट, पार्श्व. चित्रपट पडल्यावर निर्माता ती रिळं पुसून पुन्हा विकणार होता, म्हणून गुलाबभाईंनी ती मागून आणली होती. गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा सकीनाआपांनी तांदळाच्या आधी ही पेटी माडीवर नेली होती.

“तांदूळ गेला सगळा,” त्या हसून म्हणाल्या. “घरच्यांनी लय बोल लावला.”

रिळं देताना त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, अब्बांची सारंगी एकदा ऐकवा. आणि दुसरी सांगताना त्या जरा घुटमळल्या. “भाऊ, अब्बांनी एवढं वाजवलं, पण नाव कधी कुठं आलं नाही. पडद्यावर नाही, तबकडीवर नाही. नवीन निघेल त्याच्यावर टाकाल का?”

“पहिलं नाव त्यांचंच येईल, आपा,” सहादू म्हणाला.

दुकानात आल्यावर लियाकतनं जुनं रिळाचं मशीन साफ केलं आणि तिसरं रीळ लावलं. आधी खरखर, मग कुणीतरी खाकरलं, आणि सारंगी सुरू झाली. सासू नाही, शेळ्या नाहीत. गुलाबभाईंच्या बोटाची नखं तारेवर सरकलेली ऐकू येत होती. सहादूनं डोळे मिटले. मिनिटभर झालं असेल नसेल, तोच टेप किंचाळल्यासारखी वाजायला लागली. लियाकतनं खिशातून मोबाईल काढला.

“काय करतो?”

“घेतो ना रेकॉर्ड करून. टेप चिकट झालीय. पुढं काय होईल काय माहीत. नमुना तरी राहील.”

सहादूनं त्याच्या हातावर हात ठेवला. “मोबाईलवर? पस्तीस वर्षं थांबलो ते मोबाईलवर घ्यायला? मिळेल ते पुरं मिळेल. अर्धमुर्धं नको मला.”

लियाकतनं मशीन बंद केलं. टेपचा तपकिरी चिकटा मशीनला लागला होता, तो त्यानं कापसानं पुसून घेतला.

योगेशला फोन केला तर तो खुर्चीतून उठलाच असणार. “काका, आता एक काम करा. काहीही करू नका. वाजवू नका, उलगडू नका. त्या काळातल्या टेपांना ओल धरते, त्या मंद आचेवर शेकाव्या लागतात. आमच्याकडे तशी प्रयोगशाळा आहे. मी स्वतः येऊन रिळं घेऊन जातो.”

इथं सहादूच्या मनात पाल चुकचुकली. सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याचे एक रसिक त्याच्याकडून एक दुर्मिळ तबकडी दोन दिवसांच्या बोलीवर घेऊन गेले होते. तबकडी परत आली नाही, मात्र ते गाणं इंटरनेटवर आलं, त्यांच्या नावानिशी. तेव्हापासून सहादूच्या घरातून कागदाचा कपटा बाहेर जात नसे.

“किती डिग्रीवर शेकायचं?” त्यानं विचारलं.

“चोपन्न अंश, साधारण आठ तास. पण काका...”

पण नंतरचं सहादूनं ऐकलं नाही. साडेपाचशे डिग्रीची वाफ चौतीस वर्षं ज्यानं हातात ठेवली, त्याला चोपन्न डिग्री म्हणजे पोरखेळ.

लियाकत दोन दिवस विरोध करत राहिला. “तुला बॉयलर कळतो, सहादू. टेप कळत नाही. दे त्या पोराला.”

“एकदा गेलं की गेलं. शेकून, उतरवून घेऊन मग देतो त्याला. मूळ आपल्याकडंच ठेवू.”

“मूळ आपलं नाही. आपाचं आहे.”

सहादू रागावला आणि चहा न घेता घरी गेला.

निफाडकडे त्याचा पुतण्या संतोष द्राक्षाचा बागाईतदार होता. दोन वर्षांपासून त्यानं बेदाण्याचं शेड टाकलं होतं आणि ढगाळ हवेत माल वाळावा म्हणून गरम हवेची बंद खोली बांधली होती. पाहिजे त्या तापमानावर लावा, काटा हलत नाही. मार्च महिना होता. सहादू सहा रिळं कापसाच्या चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं गेला.

संतोषनं खोलीचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. “तात्या, परवाच धुरी दिली आतमधी. माल पिवळा पडाया गंधक जाळतो ना आम्ही. वास हाय अजून. दोन दिस थांबा, दारं उघडी टाकतो.”

सहादू आत गेला. छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. “कसला वास? काय बी नाय.”

“मला तर डोळ्याला झोंबतंय.”

“तुम्हा पोरांना धूळ झोंबती.”

खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच काही आलं नाही. चौतीस वर्षं कोळशाच्या धुरात उभा राहिलेला माणूस; तो जळका, आंबूस वास त्याच्या नाकानं कधीच मोजायचा सोडून दिला होता. एकलहऱ्याच्या कॉलनीत नवी सून आली की खोकायची आणि सासरे म्हणायचे, कशाला खोकते, हवा तर चांगली आहे. त्यातलाच हा एक. दुसरा कुणीही असता तर नाकाला रुमाल लावून बाहेर आला असता आणि रिळं वाचली असती.

रिळं आत ठेवली, दार लावलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सहादू बाहेर खुर्ची टाकून बसला. जेवणाचा डबाही तिथंच. काटा चोपन्नवरून अर्धा अंशसुद्धा हलू दिला नाही. संतोषच्या गड्यांना तो अभिमानानं सांगत होता की आत कोण बसलंय. आत खरं तर गंधक बसला होता, द्राक्षाची ओल बसली होती, आणि उष्णतेनं दोघं मिळून आपलं काम करत होते.

दुसऱ्या दिवशी लियाकतच्या दुकानात पहिलं रीळ लावलं. चिकटपणा गेला होता. सहादूनं लियाकतच्या पाठीवर थाप मारली. मग टेप फिरली आणि मशीनच्या तोंडाशी तपकिरी भुकटी पडायला लागली. चुन्याचा पोपडा सुटावा तसा टेपवरचा थर सुटत होता आणि पलीकडून कोरं, पारदर्शक प्लास्टिक बाहेर येत होतं. आवाज म्हणाल तर नुसता फस्स. दुसरं रीळ तसंच. तिसरं लावायला लियाकतचा हात उठेना. सहादूनं स्वतः लावलं. सहाही रिळं त्यानं शेवटापर्यंत फिरवली, एकही मध्येच थांबवलं नाही. भुकटी लियाकतनं वर्तमानपत्रावर गोळा केली. टाकवेना त्याला, म्हणून पुडी बांधून ठेवली.

“वास बघ,” लियाकत म्हणाला आणि एक रीळ त्यानं सहादूच्या नाकाशी धरलं.

“काय?”

लियाकत त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसून रडला.

सहादू रडला नाही. तीन दिवस तो जेवलाही नाही. लंकाबाईनं दृष्ट काढली, डॉक्टरला घरी बोलावलं, शेवटी शेजारी बसून राहिली. त्याला रिळं दिसत नव्हती, त्याला ती बाई दिसत होती, घागर घेऊन उतरणारी, आणि आता तिच्यामागे काहीच वाजत नव्हतं. ऐकलेलं ते एक मिनिट आठवायचा त्यानं जीव तोडून प्रयत्न केला. कोण खाकरलं ते आठवलं. नखाचा आवाज आठवला. सूर काही केल्या आठवेनात. आपण जगातला एकमेव माणूस होतो जो हे वाचवू शकत होता, आणि आपणच ते जाळलं, हे त्याला चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना लख्ख कळलं. त्यानं आरशावर पाणी मारलं.

त्याच दिवशी योगेशचा फोन आला. ग्रुपवर गेले दोन आठवडे दिवाळी चालू होती, त्रेचाळीस माणसं तारीख विचारत होती. “काका, मी शनिवारी येतो न्यायला.”

सहादू खरं सांगणार होता. तोंड उघडलं तेव्हाही सांगणारच होता. “रिळं गेलेली हायेत,” तो म्हणाला. “आपण लावून बघितली. आत काहीच नाय. ओल लागली होती त्यांच्या घरात. लय वर्षं तशीच पडून होती ना.”

मग योगेश म्हणाला, “अरेरे. त्यांना कळलं नसेल, काका. काय करणार.”

एकदा तोंडातून गेलेलं मग मागे घेता येईना. ग्रुपवर लोकांनी हळहळ व्यक्त केली, आणि हळहळीनं भागत नाही तेव्हा माणसं शिव्यांवर येतात. कोल्हापूरच्या दंतवैद्यांनी लिहिलं की अडाण्यांच्या घरी ठेवा सापडणं यापरीस न सापडणं बरं. पोस्टमास्तरांनी पेटीवाल्या बाईंना उद्देशून असं काही लिहिलं की सहादूनं फोन उताणा होता तो पालथा केला. त्यानं एक शब्द लिहिला नाही. ‘सहादूकाका, तुम्ही तरी प्रयत्न केलात’ असं पंधरा जणांनी लिहिलं.

हे लियाकतला दाखवलं त्याच्या मुलानं. सहादू दुकानाच्या पायरीवर आला तर लियाकत आतूनच म्हणाला, “मी कुणाला सांगणार नाही. चाळीस वर्षांची दोस्ती आहे, तेवढं करीन. पण तू इथं येत जाऊ नको.”

“लियाकत, ऐक तर...”

“रिळं गेली ते मी माफ केलं होतं. त्या दिवशीच केलं होतं.”

सहादू बस धरून घरी आला. त्यानंतर त्यानं काही ऐकलं नाही. तबकड्यांच्या कपाटाला लंकाबाई फडकं मारायची तेव्हा तो उठून गॅलरीत जायचा. गुडघ्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसायचा. रोज ठरवायचा की उद्या जुन्या नाशकात जाऊन आपांना खरं सांगायचं, आणि उद्या उजाडला की त्याचे पाय उचलत नसत.

योगेशनं आवृत्ती काढलीच, कारण लोकांनी आधी मागणी नोंदवली होती. तीच चार गाणी, जरा स्वच्छ केलेली, व्हिडिओ कॅसेटवरून घेतलेला सारंगीचा तुकडा सासूसकट, आणि सोबत चोवीस पानांची पुस्तिका. सप्टेंबरात सहादूकडे दोन प्रती आल्या. त्यानं पाकीट फोडलं नाही. योगेशनं एक प्रत परस्पर सकीनाआपांनाही पाठवली होती. दसऱ्यानंतर आपांचा फोन आला. भाऊ, एकदा येऊन जा.

लंकाबाईनं इस्त्रीचा सदरा काढून दिला. बसमध्ये सहादू मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. आपा, दोष माझा. मी शेकायला नेली. वास आला नाही मला. शालिमारच्या थांब्यावर उतरून चालत जाईपर्यंत वाक्यं पक्की झाली होती. चप्पल काढताना तो स्वतःशी म्हणाला, आज सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

सकीनाआपा पलंगावर बसल्या होत्या. मार्चमध्ये पाहिल्या होत्या त्यापेक्षा खूप थकल्या होत्या. मांडीवर पुस्तिका उघडी होती. शेजारी त्यांची नात आयत, कॉलेजात शिकणारी.

“आयतनं वाचून दाखवलं मला,” त्या म्हणाल्या. “मला मराठी छापील येत नाही. पुन्हा वाच गं, भाऊंसमोर.”

आयतनं सहादूकडे न बघता वाचलं. “‘कोरडा घाट’च्या पार्श्वसंगीताची मूळ रिळं सारंगीवादक गुलाबभाई यांच्या घरी होती. दुर्दैवानं योग्य काळजी न घेतली गेल्यामुळे व ओल लागल्यामुळे ती नष्ट झाली.”

“अब्बांचं नाव,” सकीनाआपांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट जरा चुकलं, आयतनं ते धरून जागेवर नेलं. “जिंदगीत पहिल्यांदा छापून आलं. तुम्ही शब्द दिला होता, पाळला.”

सहादू पुढे सरकला. “आपा...”

“थांबा, मला बोलू द्या. हे पुस्तक आल्यापासून झोप नाही मला. अब्बा म्हणाले होते, सकीना, ही पेटी संभाळ, यात माझा हात आहे. मी काय केलं? माडीवर कोपऱ्यात ठेवून दिली. तिथली भिंत पावसात ओल धरते, हे डोक्यातच आलं नाही. कुणाला विचारायला पाहिजे होतं. वर्षातून एकदा ऊन तरी दाखवायला पाहिजे होतं.” त्यांनी दोन्ही हात जोडले. “एवढी लोकं वाट बघत होती म्हणे. तुम्ही पस्तीस वर्षं थांबला होता, लियाकत सांगायचा. माझ्यामुळे गेलं सगळं. मला माफ करा, भाऊ.”

बसमध्ये जुळवलेली वाक्यं सहादूच्या जिभेवर होती. आयत आता त्याच्याकडे बघत होती. आपांचे हात अजून जोडलेलेच होते, आणि ते खाली घेण्यासाठी त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

“असू द्या, आपा,” सहादू म्हणाला.

आपांनी हात खाली घेतले, पदरानं डोळे पुसले आणि नातीला चहा ठेवायला सांगितलं. त्यांना माफी मिळाली होती.